काठ जुळला पाहिजे

दिवाळीतला किल्ला जिथे माती संपते तिथे संपतो. विटांवर गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, उतारावर पेरलेले अळीव, बुरुजावर मातीचे मावळे. चार दिवस तो अंगणाच्या कोपऱ्यात दिमाखात उभा राहतो, आणि मग पुन्हा माती होतो. त्याची कड कुणी निरखून बघत नाही, कारण ती कशालाच जुळवायची नसते. टेबलावरच्या वॉरगेमिंगसाठी घरी टाइल्स, म्हणजे एकमेकींना जोडून मैदान मांडायचे चौरस तुकडे, करायला बसलेल्या माणसाचा सगळा जीव मात्र त्या कडेतच अडकलेला असतो. टाइलच्या मधोमध काय हवं ते करा: टेकडी, विहीर, पडका वाडा, आंब्याचं झाड. पण चारही बाजूंचा काठ शेजारच्या कुठल्याही टाइलच्या काठाला बिनतक्रार भेटला पाहिजे. साडीची किंमत जशी आधी काठापदरावरून कळते, तसं टाइल्सचा संच कसा झालाय हे दोन टाइल्स शेजारी ठेवल्या की लगेच कळतं.

मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे रंगवलेल्या छोट्या सैनिकांनी, टेपने इंच मोजत आणि फासे टाकत खेळायची लढाई. सैनिक बहुधा २८ मिलिमीटरचे, म्हणजे साधारण १:५६ प्रमाणाचे. मैदान पूर्वापार ६ बाय ४ फुटांचं. या दोन आकड्यांचा गुणाकार एकदा करून बघण्यासारखा आहे: ६ फूट गुणिले ५६ म्हणजे १०२ मीटर, ४ फूट गुणिले ५६ म्हणजे ६८ मीटर. अख्ख्या टेबलावर एक फुटबॉलचं मैदान मावतं, बस्स. पानिपत त्यात मावणार नाही. तिथे आघाडीच काही किलोमीटर लांब होती, त्यासाठी ६ मिलिमीटरचे सैनिक आणि वेगळं प्रमाण लागतं. पण खिंड मावते. १३ जुलै १६६०ला बाजीप्रभू देशपांडे ज्या घोडखिंडीच्या तोंडाशी उभे राहिले, तसली चिंचोळी जागा २८ मिलिमीटरच्या टेबलावर अगदी नेमकी बसते. म्हणून इथे सगळं उदाहरण सह्याद्रीच्या टाइल्सचं घेतलं आहे: कडा, उतार, ओढा, खिंड.

टाइल्सची ही कल्पना नवी नाही. १८१२मध्ये प्रशियाच्या बॅरन फॉन राइसवित्स यांनी राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याला युद्धखेळाचं एक टेबल भेट दिलं. ते टेबल म्हणजे खणांचं कपाटच होतं; खणांमध्ये नदी, रस्ता, टेकडी, गाव अशा चौरस फरशा, हव्या तशा वर मांडायच्या आणि त्यावर फौजा हलवायच्या. पुढे त्यांच्या मुलाने १८२४मध्ये हाच खेळ सैन्यात नेला तेव्हा फरशा बाजूला ठेवून १:८००० प्रमाणाचे नकाशे घेतले. अधिकाऱ्यांना खऱ्या भूमीवर सराव हवा होता, आणि फरशांनी खरी भूमी हुबेहूब उभी करता येत नाही. ही मर्यादा आजही तशीच आहे. २४ टाइल्सनी विशाळगडाच्या वाटेवरची ती एकच खिंड तंतोतंत होणार नाही. तसल्या मुलखातल्या शंभर खिंडी मात्र होतील. ज्याला हुबेहूब प्रतिकृती हवी त्याने एकसंध देखावा करावा. ज्याला दर रविवारी नवी लढाई हवी त्याने टाइल्स कराव्यात. आकड्यांतच बोलायचं तर सगळे काठ सारखे असलेल्या फक्त ६ चौरस टाइल्स २ बाय ३ मांडल्या, तर जागा आणि फिरवणं धरून २९,४९,१२० रचना होतात. टेबलाच्या समोरून बघितलं की तीच रचना उलटी दिसते, म्हणून निम्म्या केल्या तरी पावणेपंधरा लाखांच्या आसपास उरतात.

पहिला निर्णय आकाराचा. एक फुटाची टाइल म्हटली की ऐकायला छान वाटतं, पण माल आपल्याकडे फुटात येत नाही. गच्चीच्या उष्णतारोधनासाठी वापरतात तो एक्सपीएस बोर्ड, म्हणजे दाणे नसलेला, घट्ट, गुलाबी, निळा किंवा हिरवट फोम, बहुधा १२५० बाय ६०० मिलिमीटरच्या पट्ट्यात मिळतो. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. ६००च्या रुंदीत दोन बसत नाहीत, जवळजवळ दहा मिलिमीटरनी हुकतात आणि अर्धा बोर्ड वाया जातो. २९५ मिलिमीटरची टाइल धरली तर रुंदीत २ आणि लांबीत ४ अशा ८ टाइल्स निघतात, शिवाय कारखान्याची खडबडीत किंवा खाच मारलेली कड छाटायला जागा राहते. ३ बोर्डांत २४ टाइल्स. टेबल १७७० बाय ११८० मिलिमीटरचं होतं, म्हणजे ६ बाय ४ फुटांपेक्षा लांबीत सव्वादोन इंच आणि रुंदीत दीड इंच कमी. खेळात त्याने काहीच बिघडत नाही. तळाला ३ मिलिमीटरचं एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, लावायचं असेल तर ८ बाय ४ फुटांच्या एका शीटमध्ये, करवतीच्या पात्याचे ४ मिलिमीटर धरूनही, याच मापाचे ३२ तुकडे बसतात. ते प्लायवूडच्या दुकानातल्या मोठ्या मशीनवर एकाच बैठकीत, एकाच सेटिंगवर कापून घ्यावेत. आज बारा आणि पुढच्या आठवड्यात बारा असं केलं की मशीनचं माप अर्ध्या मिलिमीटरने सरकलेलं असतं, आणि सहा टाइल्सच्या रांगेत तो अर्धा मिलिमीटर तीन मिलिमीटर होऊन बसतो.

काटकोन तपासायला गुण्या पुरेसा नाही, कर्ण मोजा. २९५च्या चौरसाचा कर्ण ४१७ मिलिमीटर येतो. दोन्ही कर्णांत एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो तुकडा टाइलसाठी घेऊ नये, त्याची झाडंझुडपं लावायची पाटी करावी. फोम मात्र एमडीएफपेक्षा दोन मिलिमीटर मोठा कापून चिकटवावा आणि चिकटल्यावर एमडीएफच्या कडेला कटरचं पातं टेकवून छाटावा. माप एमडीएफने ठरवायचं, फोमने त्याच्या मागे जायचं.

टेलिव्हिजन-फ्रिजच्या खोक्यातून येणारा दाणेदार थर्माकोल फुकट मिळतो म्हणून मोह होतो. त्यात कोरीवकाम होत नाही: पातं लागलं की दाणे उखडतात, बोट टेकलं की खड्डा पडतो. कड्याच्या आतला भराव म्हणून तो चालेल, वर किंवा काठाला नको. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेपासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे मखरवाल्यांकडचे मोठे ठोकळेही आता दिसत नाहीत. एक्सपीएस वॉटरप्रूफिंगच्या सामानाच्या दुकानात किंवा शीतगृहाचं काम करणाऱ्यांकडे विचारावं. जाडी २५ आणि ५० मिलिमीटर, दोन्ही लागतात. २८ मिलिमीटरच्या सैनिकाला २५ मिलिमीटर म्हणजे खरे १.४ मीटर, छातीएवढा बांध. ५० म्हणजे २.८ मीटर, एक मजला. एवढ्या दोन उंचींत नजर अडणं, आडोसा मिळणं, चढायला वेळ लागणं हे खेळाचे सगळे नियम बसतात.

आता काठ.

सपाट टाइलचा काठ सोपा: चारही बाजूंना जमीन एकाच उंचीवर, एमडीएफ धरून २८ मिलिमीटर. प्रश्न ओढ्यापासून सुरू होतो. ओढा टाइलच्या बाहेर जातो ती जागा काठाच्या बरोबर मध्यावर हवी, आणि तिथला आडवा छेद डावी-उजवीकडे सारखा हवा. कारण साधं आहे. दोन टाइल्स समोरासमोर येतात तेव्हा एकीची डावी बाजू दुसरीच्या उजवीला भेटते. डाव्या काठावर दरड आणि उजव्या काठावर उतार असा ओढा कोरला, तर टाइल फिरवल्यावर दरडीला उतार येऊन टेकतो आणि पाण्याच्या मधोमध पायरी दिसते. दरड करायचीच तर टाइलच्या आत करावी. काठापासून तीन-चार सेंटिमीटर आधी ओढ्याने शहाणं व्हावं आणि ठरलेल्या रूपात बाहेर पडावं.

हे रूप डोळ्यांनी सांभाळलं जात नाही, त्याला पत्र्याचा साचा लागतो. डब्याचा पत्रा २९५ मिलिमीटर लांब कापायचा, मध्य ठळक खोदून ठेवायचा, आणि मध्याच्या दोन्ही बाजूंना ४० मिलिमीटर असा ८० मिलिमीटर रुंद, १२ मिलिमीटर खोल ओढ्याचा आकार त्यात कापायचा. दोन्ही तीर ४५ अंशांत. साचा खरा आहे का हे बघायची एकच रीत: कागदावर त्याची रेघ मारा, साचा पालथा करून पुन्हा त्याच रेघेवर ठेवा. रेघ झाकली गेली तर साचा दोन्हीकडून सारखा. नाही झाकली तर कानस मारा, पण पुढे जाऊ नका, कारण या साच्यातली चूक ओढ्याच्या प्रत्येक टाइलच्या काठांवर उतरते. मग ओढा जातो त्या प्रत्येक काठावर साचा दोन टाचण्यांनी पक्का करून बॉलपेनने आकार उतरवावा, फोममध्ये बॉलपेनची खोलगट रेघ छान उमटते, आणि त्या रेघेवरून पातं आत घ्यावं. पातं १८ मिलिमीटरचं, पूर्ण बाहेर काढलेलं, ३० अंशांत कललेलं. एक टाइल झाली की पात्याचा एक तुकडा मोडून टाकायचा. बोथट पातं फोम कापत नाही, ओढत नेतं. कड जिथे फाटल्यासारखी दिसते तिथे हात चुकलेला नसतो, पातं संपलेलं असतं.

रस्त्याचा काठही मध्यावरच, पण रुंदी वेगळी, साधारण ६० मिलिमीटर, आणि खोली जेमतेम एक. ओढा आणि रस्ता दोन्ही मध्यावर असल्यामुळे एकाच काठावर दोघं येऊ शकत नाहीत. ते एकमेकांना भेटतात टाइलच्या आत, काटकोनात, पुलावर किंवा उतारावर, म्हणजे ओढा पायी ओलांडायच्या उथळ जागी. २४च्या संचात ओढ्याच्या ७ पुरेत: ३ सरळ, २ वळणाच्या, १ संगमाची, १ उताराची. याहून जास्त केल्या की प्रत्येक लढाई पाण्याकाठीच होते.

खरी कसोटी कड्याची. दख्खनचा पठारी खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे. त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात ते स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांच्या शब्दावरून. सह्याद्री म्हणजे खरोखरच पायऱ्या आहेत: घट्ट बसाल्टचा थर उभा कडा होतो, वरचा किंवा खालचा सच्छिद्र, झिजका थर उतार होतो, पुन्हा कडा, पुन्हा उतार. फोमच्या थरांतून भूमी उभी करणाऱ्याला याहून सोयीचा डोंगर दुसरीकडे शोधूनही सापडणार नाही. पण त्याची एक अट आहे. हे थर जवळजवळ आडवे आहेत, म्हणून समोरासमोरच्या दोन डोंगरांवर कड्याची पायरी एकाच उंचीवर दिसते. टाइल्समध्येही तेच हवं. जमीन २८ मिलिमीटरवर, मग ५० मिलिमीटरचा उभा कडा, त्यावर उतार, त्यावर पुन्हा २५चा कडा, ही मापं संचभर तीच. एका टाइलवर पायरी ४० मिलिमीटरला आणि दुसरीवर ६०ला निघाली तर डोळ्याला ते सह्याद्री वाटत नाहीत, कुठलेतरी ढिगारे वाटतात. उताराचं प्रमाण तीनास एक ठेवावं. त्याहून उभा केला की धातूचा सैनिक घसरतो आणि आज ना उद्या त्याचा भाला मोडतो. कडा आणि उतार मिळून समजा १०० मिलिमीटर उंची झाली तर ती खऱ्या ५.६ मीटरची. खऱ्या घाटाची उंची टेबलावर आणायची तर छत फोडावं लागेल. इथे उंची दाबावीच लागते, पायऱ्यांचा क्रम मात्र दाबू नये.

कड्याच्या टाइलला सममितीचा नियम लागू होत नाही, कारण तिची एक बाजू खालची आणि समोरची वरची. राहिलेल्या दोन बाजूंना कड्याचा छेद दिसतो, एकीकडे खालून वर जाणारा आणि दुसरीकडे वरून खाली येणारा. गंमत अशी की हे दोन छेद एकमेकांचे आरसे असल्यामुळे सरळ कड्याच्या टाइल्स आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक आपोआप जुळतात. त्यासाठी पत्र्याचा दुसरा साचा करायचा, तो एकदा सुलटा आणि एकदा पालथा वापरायचा. ४ सरळ, २ बाहेरच्या कोपऱ्याच्या म्हणजे जिचा एकच कोपरा उंच आहे, २ आतल्या कोपऱ्याच्या म्हणजे जिचे तीन कोपरे उंच आहेत, एवढ्या ८ टाइल्सनी घाटाची धार हवी तशी वळते. कड्याच्या पायथ्याशी १०० मिलिमीटरची सपाट पट्टी ठेवावी. मग दोन सरळ कडे तोंडाला तोंड लावून मांडले की मध्ये २०० मिलिमीटरची फट राहते, खऱ्या मापात ११ मीटर. हीच ती खिंड. तिच्यासाठी वेगळी टाइल करावी लागत नाही.

कड्याचं तोंड कटरने सरळ कापलं तर भिंत होते. फोमची पट्टी आधी वरून एक सेंटिमीटर खोल चिरावी आणि मग हाताने मोडावी. मोडलेल्या भागाला खडकाची ओबडधोबड त्वचा आपोआप येते. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा त्यावर दाबून फिरवला की बारीक खडबड उमटते. दोन थरांच्या मध्ये तीन-चार मिलिमीटरची आडवी खाच ठेवून ती शेवटी विटकरी लाल रंगवावी. घाटातल्या कापलेल्या डोंगरात लाव्हाच्या दोन थरांमध्ये तशी लाल मातीची पट्टी दिसते, आणि एवढ्या एका रेघेने बघणाऱ्याला जागा ओळखू येते.

गरम तारेने कापायचं असेल तर हिशेब करून तार घ्यावी. दुकानात गेज सांगितलं की ब्रिटिश की अमेरिकन हा घोळ होतो, म्हणून जाडी मिलिमीटरमध्ये सांगावी: ०.३२ मिलिमीटरची नायक्रोम. तिचा विरोध मीटरला साधारण साडेतेरा ओहम, म्हणजे ३० सेंटिमीटरला ४. त्याला ५ व्होल्ट दिले की सव्वा अँपियर वाहतो आणि फोम लोण्यासारखा कापला जातो. १२ व्होल्टचा अडॅप्टर थेट लावला तर ३ अँपियर होतात, तार लाल होते, चर रुंद पडतो आणि धूर निघतो. तो धूर चांगला नाही. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने, आणि तार कधीही लाल दिसता कामा नये.

गोंदाने जेवढ्या टाइल्स बिघडतात तेवढ्या कशानेच बिघडत नाहीत. चपलांचं, रेक्झिनचं, सनमायक्याचं रबरी सोल्युशन फोमला लावलं की तो विरघळतो, कारण त्यातलं द्रावक पॉलिस्टायरीनला खातं. स्प्रे पेंटचंही तेच. पांढरा फेविकॉल फोमला काही करत नाही, पण तो पाणी उडून वाळतो, आणि फोम पाणी सोडत नाही. फोमवर फोम ठेवून मध्ये फेविकॉलचा जाड थर दिला तर कडा वाळतात आणि मधला भाग आठवडाभर ओला राहतो. पावसाळ्यात तर अधिकच. वरून दाबलं की थर सरकतात. म्हणून दोन्ही पृष्ठभाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवावी, फेविकॉल पातळ पसरावा, टूथपिकचे सात-आठ तुकडे खिळ्यांसारखे आरपार ठोकावेत, वर पुस्तकांचं वजन ठेवावं आणि दोन दिवस विसरून जावं. एमडीएफ आणि फोम यांच्यात ही अडचण कमी, कारण एमडीएफ पाणी शोषतं.

पण तेच शोषणं पुढे टाइलला वाकवतं. हा दोष एवढा हमखास येतो, आणि त्याचं कारण एवढ्या थोड्यांना ठाऊक असतं, की तो सावकाश सांगायला हवा. वरच्या बाजूला फेविकॉल, वाळू, पुट्टी यांचा ओला लेप दिला. दोन दिवसांत त्यातलं पाणी उडालं आणि लेप आकसला. आकसताना तो खालच्या पृष्ठभागाला स्वतःकडे ओढतो. खालची बाजू कोरडी, तिला उलट ओढणारं कुणी नाही. परिणाम, चारही कोपरे वर उचलले जातात, तीन-चार मिलिमीटर सहज. टेबलावर ती टाइल बशीसारखी डुलते आणि शेजारणीच्या काठाशी तिचा काठ जुळत नाही; सगळ्या साच्यांची मेहनत वाया. उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. फोम चिकटवण्याआधीच एमडीएफला दोन्ही बाजूंनी आणि विशेषतः कापलेल्या कडांना लाकडाचा ऑइल प्रायमर लावून पूर्ण सुकवावं. वास पूर्ण जाईपर्यंत फोम जवळ आणू नये. प्रायमर लावल्यावर एमडीएफ फारसं शोषत नाही, म्हणून चिकटवायची बाजू पॉलिश पेपरने खरवडावी आणि वाळायला दोनाचे तीन दिवस द्यावेत. आणि ज्या दिवशी वर लेप द्याल त्याच दिवशी पाठीला निम्मं पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक हात द्यावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच आकसतात. एवढं करूनही वाकलीच, तर पाठ ओल्या फडक्याने पुसून, टाइल सपाट फरशीवर पालथी घालून रात्रभर वजनाखाली ठेवावी. पहिल्या आठवड्यात ती ऐकते. जुनी झाली की ऐकत नाही.

लेपाचं प्रमाण असं: चाळलेली वाळू २ भाग, वॉल पुट्टी १, फेविकॉल १, तपकिरी इमल्शन रंग १, आणि ब्रशने पसरेल इतपत पाणी. एक मिलिमीटरचा थर धरला तर टाइलमागे ९० मिलिलिटर लागतं. वाळू नदीची किंवा चुरीची, चहाच्या गाळणीतून चाळलेली. समुद्राची नको, तिच्यातलं मीठ दमट हवेत ओल धरतं आणि वर पांढरे डाग फुटतात. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन-तीन तासांत घट्ट होते, म्हणून एका वेळी चार टाइल्सपुरतंच कालवावं. रंग लेपातच घालण्याचं कारण वर्षभराने कळतं: कोपरा टवका उडून गेला तरी आतून तपकिरीच दिसतो, गुलाबी फोम किंवा पांढरी पुट्टी डोळे वटारत नाही. काठावर मात्र लेप चढवायचा नाही. काठाच्या वरच्या कडेला तीन मिलिमीटर आधी थांबून तिथे नुसता रंग आणि चाळणीची सर्वांत बारीक धूळ. वाळूचा एक कण बाहेर आला तरी दोन टाइल्समध्ये फट पडते.

रंगाआधी ऋतू ठरवावा, आणि तो संचाला एकच असावा. बाजीप्रभूंची लढाई आषाढातली. मग गवत पोपटी आणि दाट, खडक ओला काळा, ओढ्याचं पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं. परदेशी टाइल्स बघून निळं पाणी रंगवलं तर ते आषाढातल्या ओढ्याला शोभत नाही. वैशाख हवा असेल तर गवत वाळलेलं पिवळं, खडक राखाडी, ओढ्यात गोटे आणि मध्ये कुठेतरी डबकं. निम्म्या टाइल्स हिरव्या आणि निम्म्या पिवळ्या केल्या तर दोन वेगळे संच झाले, एक मोठा नव्हे.

मूळ रंग एकदाच, एकाच डब्यात कालवावा. २४ टाइल्सचा पृष्ठभाग दोन चौरस मीटरच्या जरा वर आहे. खडबडीत अंगाला रंग जास्त लागतो, दोन हात धरले तरी एक लिटर पुरेसा होतो आणि उरतो. गडद तपकिरी सुकल्यावर मध्यम तपकिरी, मग हाडाच्या रंगाचा हलका हात, प्रत्येक वेळी ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करून. कडा काळ्याने सुरू करू नये. बसाल्ट काळा वाटतो पण त्यात तपकिरी झाक असते, निव्वळ काळा घेतला की दगडी कोळसा दिसतो. महत्त्वाचं हे की टाइल एकेकटी रंगवू नये. सगळ्या फरशीवर मांडाव्यात, शिवणींवरून आरपार ब्रश मारत जावं, मग पत्ते पिसतात तशा त्या पिसाव्यात आणि पुढचा हात नव्या मांडणीवर द्यावा. हाताला नकळत एका कोपऱ्यात जड आणि दुसरीकडे हलका रंग लागत असतो. पिसल्यामुळे तो फरक सगळीकडे विखुरतो.

पाण्यासाठी इपॉक्सी रेझिन चालतं. फायबरग्लासच्या दुकानातलं पॉलिएस्टर रेझिन चालत नाही, त्यातलं स्टायरीन ओढ्याचा तळच विरघळवतं. इपॉक्सी एका वेळी दोन-तीन मिलिमीटर ओतावं. काठाला चिकटपट्टीचा बांध लागतो, आणि इथे एक बारीक खोड आहे: रेझिन पट्टीला चिकटून थोडं वर चढतं, सुकल्यावर बरोबर काठावर मिलिमीटरभर ओठ उभा राहतो. तो पट्टी काढल्यावर नव्या पात्याने तासून पॉलिश पेपरने बसवावा आणि वर ग्लॉस वॉर्निशचा हात द्यावा. पावसाळ्यात इपॉक्सीवर दुधट, चिकट साय धरते, म्हणून आषाढातला ओढा ओतायचा तो डिसेंबरात.

गवताला बाजारातलं स्टॅटिक ग्रास उत्तम, पण सुताराकडचा बारीक भुसा चाळून पातळ ॲक्रिलिक रंगात भिजवून वाळवला तर जमिनीचा पहिला थर त्यानेही छान होतो. वापरलेल्या चहाची पावडर पालापाचोळ्यासारखी दिसते खरी. कोकणात आणि मुंबईत ती कढईत कोरडी भाजल्याशिवाय वापरू नये, पहिल्या पावसात बुरशी येते.

टाइल्स सरकू नयेत म्हणून अनेकजण चुंबक बसवतात. बसवायचे तर ध्रुवांचा नियम काठासारखाच आहे. काठाकडे तोंड करून बघितलं की डावीकडे उत्तर ध्रुव बाहेर आणि उजवीकडे दक्षिण, चारही बाजूंना असंच; मग कुठलाही काठ कुठल्याही काठाला ओढून घेतो. एक चुंबक उलटा बसला तर ती टाइल शेजारणीला ढकलत राहते, आणि इपॉक्सीत बसलेला चुंबक काढताना काठ फुटतो. म्हणून एका चुंबकावर मार्करने खूण करून सगळे त्याच्याशी ताडून बघावेत. लहान मूल घरात असेल तर सुटे चुंबक अजिबात बाहेर ठेवू नयेत, दोन पोटात गेले तर आतडं चिमटतं. खरं विचाराल तर ९६ काठांना चुंबकांचा खर्च आणि व्याप करण्यापेक्षा टेबलावर ड्रॉवरमध्ये घालतात ती जाळीदार रबरी चटई पसरावी आणि भोवती एक इंचाच्या लाकडी पट्टीची सुटी चौकट ठेवावी. टाइल्स जागच्या हलत नाहीत, आणि चौकट संपूर्ण मैदानाला एक नीट सीमा देते.

शिवणी तरीही दिसतील. वरचा दिवा तिरपा असेल तर अर्ध्या मिलिमीटरच्या फटीचीही काळी रेघ पडते. काठाची उभी बाजू जमिनीच्याच गडद रंगात रंगवलेली असली की ती रेघ फिकट होते, आणि सुटी झुडपं, गोटे, कुंपणाचे तुकडे शिवणीवर ठेवले की डोळा तिथे अडत नाही. करवंदाची जाळी, निवडुंग आणि चार दगड अशा अंगठ्याएवढ्या तीसेक सुट्या पाट्या कराव्यात. त्या लढाईत आडोसा म्हणूनही चालतात.

ठेवायला टाइल्स एकमेकींवर रचू नयेत, गवत घासून टक्कल पडतं. पलंगाखालच्या पेटीत एकेका सपाट टाइलला ४० मिलिमीटर असे खण केले तर सहा टाइल्सना २४० मिलिमीटर उंची लागते. कड्याच्या टाइल्सना वेगळा, उंच खण. एका टाइलचं वजन फोमचे ८० ग्रॅम, एमडीएफचे २०० आणि लेपाचे दीडेकशे धरून जेमतेम अर्धा किलो, पण चोवीस मिळून दहा किलोंच्या वर जातात, तेव्हा पेट्या दोन असाव्यात. प्रत्येक टाइलच्या पाठीवर मार्करने क्रमांक, काठांची अक्षरं (स सपाट, ओ ओढा, र रस्ता, क कडा) आणि लेप दिल्याची तारीख लिहावी. उरलेला मूळ रंग आणि लेपाची वाळू घट्ट झाकणाच्या बरण्यांत, पत्र्याचे दोन्ही साचे त्याच पेटीच्या तळाला. पंचविसावी टाइल करावीशी वाटते तेव्हा आधी ते साचे शोधावे लागतात.